फुस्स : एक समीक्षा

समीक्षक व्हायला गाणं यावं लागत नाही, हे मी आमच्या पेठेतल्या गणेशोत्सवात वीस वर्षं पहिल्या रांगेत बसून शिकलो. मान हलवता आली पाहिजे, अधूनमधून डोळे मिटता आले पाहिजेत आणि घरी परतताना 'पूर्वीसारखं राहिलं नाही' असं म्हणता आलं पाहिजे. या तिन्ही पात्रता माझ्याकडे आहेत. शिवाय मी बी. कॉम. आहे आणि बँकेत क्लार्क आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कागदात चूक काढण्याचा मला दरमहा पगार मिळतो. समीक्षकाला आणखी काय लागतं?

तरीही आजवर मी कुठल्या कलाकृतीवर लेखणी उचलली नव्हती. ती उचलायला मला एका आवाजानं भाग पाडलं. आवाज अगदी छोटा. अर्ध्या सेकंदात आटोपतो. त्यात सूर नाही, ताल नाही, शब्द म्हणाल तर एकच, 'फुस्स'. हा आवाज माझ्या भाच्याच्या पिकअपमधून येतो आणि त्या पिकअपच्या कर्जाला मी जामीनदार आहे.

जामीनदार म्हणजे काय, हे बँकेत चोवीस वर्षं काढून मला नव्यानं कळलं. आजवर मी काउंटरच्या अलीकडून लोकांना सांगत आलो, "अहो, नुसती सही आहे, घाबरता काय!" या वेळी पलीकडे उभं राहून सही केली आणि पेन खाली ठेवता ठेवता हात थरथरला. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं अनुत्पादक होतं, हे मी रोज दुसऱ्यांना सांगतो. पण ते वाक्य स्वतःच्या भाच्याला लावून बघितलं की त्याला निराळाच नाद येतो.

तर हा भाचा, पंकज. घरात पंक्या. दीड टन माल ओढणारी सेकंडहँड टर्बो-डिझेल पिकअप त्यानं घेतली. हप्ता अकरा हजार आठशे. पहिले चार हप्ते वेळेवर आले. पाचव्याची तारीख उलटून नऊ दिवस झाले आणि पंक्या घरी आला तो पेढे घेऊन.

"मामा, खाली या. गाडीला एक आयटम बसवलाय."

"हप्ता?"

"भरतो हो. आधी ऐका तर!"

मी खाली गेलो. त्यानं मला शेजारी बसवलं, गाडी हायवेवर काढली, जरा वेग घेतला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला. 'फुस्स!' मी दचकून दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. मला वाटलं, टायर गेला. पंक्या माझ्याकडे, गवयी तान घेतल्यावर तबलजीकडे बघतो तसा बघत होता.

"ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह," तो म्हणाला. "साडेचार हजार, फिटिंगसकट."

साडेचार हजार रुपये! हप्त्याच्या रकमेचा हा तुकडा हवेत सोडून द्यायचा, आणि तोही आवाज करत! मी घरी आलो, पेढा खाल्ला आणि ठरवलं, या कलाकृतीची समीक्षा झालीच पाहिजे. पण समीक्षेला अभ्यास लागतो. म्हणून पुढचे दोन रविवार मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेकॅनिकच्या बाकड्यावर काढले. तो स्पॅनर फिरवता फिरवता बोलायचा आणि मी त्याचं बोलणं मनातल्या मनात जमाखर्चात लिहून घ्यायचो. कॉमर्सवाल्याला दुसरी भाषा कुठली येते!

आधी टर्बो म्हणजे काय ते बघू. इंजिनात इंधन जळतं, काम होतं आणि गरम धूर नळीतून बाहेर जातो. त्या धुरात बरीच ताकद शिल्लक असते. आपल्या भाषेत ती बुडीत खात्यात गेलेली रक्कम. अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या एका स्विस इंजिनिअरला वाटलं, ही वसूल का करू नये? त्यानं १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. बाहेर जाणाऱ्या धुराच्या वाटेत एक चक्र बसवायचं, धुरानं ते फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा लावायचा आणि त्या पंख्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. थोडक्यात, टर्बो म्हणजे इंजिनाचं वसुली खातं. तेही कसं, तर मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणारं! आमचा वसुली अधिकारी आठवड्यातून एक फेरी मारतो आणि प्रवासभत्ता दोन फेऱ्यांचा लावतो.

इथवर कुणाची तक्रार नाही. प्रश्न येतो तो पाय उचलल्यावर.

पेट्रोलच्या इंजिनात हवा किती आत घ्यायची यावर बंधन असतं. त्यासाठी वाटेत थ्रॉटल नावाची झडप असते. आपण तिला बँकेचं शटर म्हणू. पाय दाबला की शटर वर, पाय काढला की शटर खाली. आता कल्पना करा, पेन्शनचा दिवस आहे, टर्बो रस्त्यावरून माणसं आत लोटतो आहे आणि अचानक शटर पडलं. काय होईल? मागचे पुढच्यांवर, पुढचे शटरवर, आणि शटरवर आपटून सगळी गर्दी उलटी, थेट लोटणाऱ्याच्याच अंगावर! हवा अशी पंख्यावर उलटून आली की त्याला सर्ज म्हणतात. पंख्याच्या बेअरिंगला ते मानवत नाही. म्हणून शटरच्या अलीकडे भिंतीला एक खिडकी ठेवतात. शटर पडलं की खिडकी उघडते आणि गर्दी बाहेर जाते. ही खिडकी म्हणजे ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आणि बाहेर पडताना गर्दीनं सोडलेला सुस्कारा म्हणजे फुस्स. बऱ्याच कंपन्या तर ही हवा बाहेर न सोडता नळीनं पुन्हा पंख्याच्या तोंडाशीच नेऊन सोडतात. तिथं सुस्काराही फारसा ऐकू येत नाही. सभ्य माणसाची ढेकर जशी रुमालात जाते तशी ती जाते.

म्हणजे पेट्रोल गाडीतल्या फुस्सला आशय आहे. पोटात काही कोंडलं आहे, ते मोकळं व्हायला हवं आहे, म्हणून आवाज होतो. समीक्षेच्या भाषेत बोलायचं तर अभिव्यक्ती अनुभवातून आलेली आहे.

आता डिझेलकडे या. डिझेल इंजिनाला मुळात असं शटर लागतच नाही. हवा येईल तितकी येऊ दे. नियंत्रण सगळं डिझेलच्या थेंबांवर. पाय उचलला की एवढंच होतं, की आतला कॅशियर पैसे द्यायचं थांबवतो. दार सताड उघडं. लोक आत येतात, रिकाम्या काउंटरकडे बघतात आणि मागच्या दारानं निघून जातात. कुणी कुणावर आपटत नाही. तिकडे जाळायला डिझेल नाही म्हटल्यावर धुराचाही जोर ओसरतो आणि पंखा आपोआप मंदावतो. कोंडी नाही, रेटारेटी नाही, की कुणाचा सुस्कारा नाही.

मग मला सांगा, खिडकी कशाला?

मेकॅनिकला मी हेच विचारलं. तो हसला आणि त्यानं आणखी एक गुपित सांगितलं. पेट्रोल गाडीत शटर पडलं की त्याच्या आतल्या बाजूला जी ओढ निर्माण होते, तिनंच ही झडप उघडते. डिझेलमध्ये शटर नाही, म्हणून ती ओढ नाही, म्हणून तीच झडप डिझेलला जशीच्या तशी लावली तर ती उभ्या जन्मात उघडणार नाही. मग पंक्याची कशी उघडते? ॲक्सिलरेटरच्या पेडलला एक बटण बसवलेलं असतं. पाय उचलला की बटणातून वीज जाते, वीज झडप उघडते आणि इंजिनाकडे शहाण्यासारखी निघालेली हवा वाटेतच बाहेर काढली जाते.

मी थक्क झालो. म्हणजे ही फुस्स आतून आलेलीच नाही! ती घडवून आणलेली आहे. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला निर्मात्याचे मेहुणे मागच्या रांगेत बसवून टाळ्या वाजवून घेतात, त्यातला प्रकार. आणि मेकॅनिक म्हणाला, याहून स्वस्तही मिळतं. त्यात झडपही नाही, हवाही नाही. नुसती एक डबी आणि एक स्पीकर. पाय उचलला की डबी फुस्स म्हणते. म्हणजे पार्श्वगायन! गाडीनं नुसते ओठ हलवायचे.

न्याय करायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेत पिकअप म्हणजे घरातला कर्ता मुलगा. तिथं १९८९ मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो-डिझेल इंजिन आलं आणि डिझेल पिकअपचं वेड फार वाढलं. हे कमिन्स आपल्याला परकं नाही. १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर त्यांनी पुण्यात कारखाना काढला, कोथरूडकरांना विचारा. तिकडचे हौशी लोक या इंजिनांना भलेमोठे टर्बो लावतात, दुप्पट-तिप्पट ताकद काढतात आणि वजन ओढायच्या शर्यतीत उतरतात. एवढ्या मोठ्या पंख्यानं दाबलेली हवा असली आणि ऐन जोरात पाय उचलला, तर डिझेलमध्येही ती उलटून फडफडू शकते. तिथं खिडकीला थोडा अर्थ आहे. पण कंपनीनं ते इंजिन विकलं तेव्हा त्याला अशी झडप दिलेली नव्हती, आणि ओझी ओढायला ते तसंच पुरलं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. हल्लीच्या डिझेल इंजिनांत हवेच्या वाटेवर एक झडप दिसते खरी, पण ती धूर स्वच्छ करण्याच्या सोयीसाठी. पायाच्या तालावर नाचायला नव्हे.

पंक्याच्या पिकअपचा टर्बो मोसंबीएवढा. तो शर्यतीत नाही, मार्केट यार्डात जातो.

हे सगळं मी पंक्याला समजावून सांगितलं. शटर, खिडकी, कॅशियर, सगळं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरोबर आहे तुमचं मामा. पण आवाज भारी येतो की नाही?"

इथं समीक्षा संपते. रसिकापुढे शास्त्राचं काय चालणार!

पण जिथं समीक्षक थकतो तिथं घाट काम करतो. पुढच्याच आठवड्यात पंक्या पुण्याहून किराण्याचा माल भरून साताऱ्याकडे निघाला. खंबाटकीच्या चढाला लागला आणि झडप उघडी राहिली ती राहिलीच. आत माती बसली होती की रबर अडकलं होतं, देव जाणे. टर्बो बिचारा जीव तोडून हवा दाबतोय आणि ती खिडकीतून बाहेर! वसुली खात्यानं आणलेली रोकड दारातच वाटून टाकावी तसं. एकच लांबलचक फुस्स, चढभर. हवा कमी म्हणून ताकद कमी, पुरतं जळेना म्हणून मागं काळा धूर, समोर इंजिनाचा पिवळा दिवा, आणि त्यामागं अर्धा मैल गाड्यांचा पोंगाट. पहिल्या गिअरमध्ये रडतखडत घाट चढून पंक्या वर आला तेव्हा माल घेणारा दुकान बंद करून घरी गेला होता. भाडं कापलं गेलं. पाचवा हप्ता आणखी पुढं गेला. झडप अशी उघडी राहिली तर हवेची गाळणी चुकवून रस्त्याची धूळही इंजिनात जाऊ शकते, असं मेकॅनिक म्हणाला. मी ते ऐकलं आणि मला माझी सही दिसली.

त्या रात्री मी रागानं ताईच्या घरी गेलो. म्हटलं, आज एकदाचं बोलायचंच. पंक्या ओट्यावर बसला होता, चेहरा उतरलेला. ताईनं चहा ठेवला आणि आतून म्हणाली, "त्याला बोलू नको रे फार. त्यानं ते कशापायी लावलंय, माहीत आहे का तुला?"

मला माहीत नव्हतं. समीक्षकाला हे माहीत नसतंच.

आमचे दाजी पस्तीस वर्षं दहाचाकी ट्रकवर होते. इंदूर, हुबळी, हैदराबाद. घरी येणं पंधरा-पंधरा दिवसांनी, तेही अपरात्री. मोठ्या ट्रकला हवेचे ब्रेक असतात. टाकीत साधारण आठ बार दाबाची हवा भरलेली असते, कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ चौपट. दाजी गल्लीच्या तोंडाशी ट्रक लावायचे, पार्किंगची मूठ ओढायचे आणि 'फुस्स' करून हवा सुटायची. पंक्या तेव्हा पाच-सहा वर्षांचा. गाढ झोपेतून तो त्या आवाजाला उठायचा आणि चड्डी सावरत पळत सुटायचा. भोंग्याला उठायचा नाही, ताईच्या हाकेला तर नाहीच नाही. फुस्स झालं म्हणजे पप्पा आले.

पिकअपला हवेचे ब्रेक नसतात, तेलाचे असतात. ते मुकाट्यानं लागतात. पंक्यानं पहिल्या दिवशी गाडी दारात आणून उभी केली, ब्रेक लावला आणि काहीच वाजलं नाही. ताई म्हणाली, "त्याचं तोंडच पडलं रे. म्हणाला, आई, ट्रक आल्यासारखं वाटलंच नाही."

मी चहा प्यायलो. आता काय बोलणार! साडेचार हजारांचा जो आकडा मी तीन आठवडे नावे टाकत होतो, तो कुठल्या खात्यात धरायचा तेच कळेना.

आणि मग दाजी बोलले. दाजी आता घरीच असतात. गुडघे गेले, आणि केबिनमध्ये इंजिनाशेजारी जन्म काढल्यामुळं कानही निम्मे गेले. आमचं बोलणं त्यांना किती ऐकू आलं होतं कोण जाणे. पण पंक्याकडं बघून म्हणाले, "आरं, ती तुझी फुस्स मी ऐकली. हायवेवरनं येताना वाजती. गाडी पळत असताना हवा कशाची सोडतुयास?"

पंक्या गप्प.

"आमची फुस्स गाडी थांबल्यावर व्हायची," दाजी म्हणाले. "हवा गेली की स्प्रिंग बसती आन् चाक धरून ठिवती. मग गाडी हलत न्हाई. माल पोचला, मानूस घरला आला, मग फुस्स. तू तर वाटंतच करतुयास."

मी वीस वर्षं पहिल्या रांगेत बसतो आहे, पण अशी समीक्षा मी ऐकलेली नाही. आणि यंत्राच्या दृष्टीनंही ती अक्षरशः खरी आहे, हे मी दुसऱ्या दिवशी बाकड्यावर बसून पक्कं करून घेतलं. मोठ्या ट्रकचा पार्किंग ब्रेक हवेनं लागत नाही, हवेनं सुटतो. लावते ती स्प्रिंग. म्हणजे टाकीतली हवा वाटेत गळून गेली तरी स्प्रिंग चाक धरते. जॉर्ज वेस्टिंगहाऊसनं १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं आणि १८७२ मध्ये त्यात अशी सुधारणा केली, की हवा गेली तर ब्रेक जाऊ नये, उलट लागावा. दीडशे वर्षं गाड्या त्या शहाणपणावर उभ्या राहतात. दाजींच्या फुस्समागं केवढी खात्री उभी होती! पंक्याच्या फुस्समागं एक बटण.

एवढी जाहीर समीक्षा झाल्यावर कलावंताला रंगमंचावर राहणं कठीणच. दुसऱ्या दिवशी पंक्यानं झडप काढली. तिच्या जागी मेकॅनिकनं मूळची नळी बसवली, क्लिपा आवळल्या, आणि पिकअप पूर्वीसारखी मुकी झाली. झडपेचं काय करायचं, असा प्रश्न आला. विकायला गेला तर कुणी नऊशेच्या वर द्यायला तयार नाही. मी बँकेच्या सवयीप्रमाणे ती तारण म्हणून ठेवून घेतली. सध्या ती आमच्या शोकेसमध्ये, शाखेच्या सुवर्णमहोत्सवात मिळालेल्या पेल्याशेजारी आहे. आलेले लोक विचारतात, हे कशाचं बक्षीस? सौ. म्हणते, "जामीन राहिल्याचं."

पंक्यानं मग दोन जादा फेऱ्या मारल्या. परवा संध्याकाळी मी जेवायला बसलो असताना मोबाइल वाजला. पाचवा हप्ता जमा. दंडव्याजासकट. मी पाठ टेकली आणि माझ्या तोंडून नकळत मोठ्यानं हवा सुटली.

सौ.नं पोळी वाढता वाढता विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही," म्हटलं. "गाडी लावली."

ती म्हणाली, "अजून एकतीस हप्ते आहेत. हँडब्रेक नका ओढू इतक्यात."